पेनफोल्डची पाटी

मिस्टर अँब्रोझ पेनफोल्ड यांना मी अकरा वर्षं गोळ्या दिल्या, त्यांची नखं कापली आणि दर जून महिन्यात त्यांच्याशी कडाकडा भांडले. आमच्या हेझलहर्स्ट वृद्धाश्रमात बत्तीस माणसं होती, पण भांडायला मजा यावी असा माणूस तो एकच. बाकीच्यांना एकतर ऐकू येत नसे, नाहीतर ऐकून रडू येत असे. पेनफोल्ड सगळं शांतपणे ऐकायचे, मान डोलवायचे आणि मग स्वतःला हवं तेच करायचे. मी मिरजेत नर्सिंग शिकले, पंचविसाव्या वर्षी इकडे विंबल्डनच्या टेकडीवर आले ती इथेच म्हातारी झाले. पण इतका गोड आणि इतका हट्टी माणूस मी तिकडेही पाहिला नाही आणि इकडेही नाही.

त्यांचा धंदा भाव ठरवण्याचा, म्हणजे बेटिंगचा. आता त्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. कोपऱ्यावर केमिस्ट आहे, त्याला लागून बेटिंगचं दुकान आहे, आणि माझ्या चर्चमधल्या बायकाही वर्षातून दोनदा तिथे जाऊन येतात. पण पेनफोल्ड तरुण होते तेव्हा तो गुन्हा होता. ते पबमधून लोकांच्या चिठ्ठ्या गोळा करायचे आणि मोज्यात घालून बुकीकडे पोचवायचे. पुढे कायदा बदलला, दुकानं उघडली आणि त्यांना फळ्यावर खडूनं भाव लिहायची नोकरी लागली. अक्षर मोत्यासारखं. मालकाच्या हळूहळू लक्षात आलं की हा गडी नुसता लिहीत नाही. एखादा भाव चुकला असला की याचा खडू आपोआप थांबतो. मग त्यांना आत टेबलाशी बसवलं. घोडे दुसऱ्यांनी बघायचे, टेनिस यांनी. निवृत्त होईपर्यंत विंबल्डन स्पर्धेचे ते दोन आठवडे त्यांच्याकडेच होते.

बोलायला बसले की गाडी १८७७ पासून सुटायची. तेव्हा मैदान इथे चर्च रोडला नव्हतं, पलीकडे वर्पल रोडला होतं. बावीस खेळाडू, एक शिलिंग तिकीट, आणि फायनल पावसानं पुढे ढकललेली. पहिल्याच वर्षी पावसानं आपला हक्क सांगून टाकला, असं ते म्हणायचे. १९२२मध्ये मैदान इकडे आलं. दुसऱ्या महायुद्धात सेंटर कोर्टावर बॉम्ब पडला, बाराशे खुर्च्यांची जागा उडाली, आणि आवारात डुकरं-कोंबड्या पाळल्या जात होत्या. ती डुकरं पाहिल्याचं ते अभिमानानं सांगत. १९६८मध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्यांना दार उघडलं. पण त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी घटना २००१ची. त्या वर्षी कोर्टांवर गवताचं बियाणं बदललं. नुसतं राय गवत पेरलं, जमीन टणक केली, बॉल उंच उठायला लागला, आणि सर्व्हिस करून जाळीकडे धावणारे खेळाडू दिसेनासे झाले.

"शंभर वर्षांचा इतिहास, सिस्टर," ते मला म्हणाले होते, "आणि एका पोत्यातल्या बियांनी तो रद्दीत घातला."

त्यांचा सगळा भरवसा इतिहासावर. ज्याला इतिहास आहे त्याचा भाव काढता येतो, ज्याला नाही त्याच्या वाटेला जायचं नाही, हा त्यांचा जन्मभराचा नियम. पहिल्या आठवड्यात गवत ओलसर आणि निसरडं असतं, तेव्हा मोठी नावं घसरतात. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रेषेपाशी गवत झिजून माती उघडी पडते, मग मोठ्यांना कुणी हात लावू शकत नाही. हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, आणि मी आयुष्यात कधी रॅकेट धरलेली नाही.

आमच्याकडे राहायला आल्यावर त्यांनी पहिल्याच जूनमध्ये चिठ्ठ्या काढायची पद्धत सुरू केली. इथे ती ऑफिसात, पबमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये सगळीकडे चालते. स्पर्धेच्या आदल्या रविवारी जेवण झालं की प्रत्येकानं एक पौंड द्यायचा. पुडिंगच्या भांड्यात पुरुषांच्या एकशे अठ्ठावीस खेळाडूंच्या चिठ्ठ्या. प्रत्येकानं एक उचलायची, उरलेल्या फेकून द्यायच्या. दिवाणखान्यात पेनफोल्डनी एक शाळेतला जुना फळा टांगला होता. त्याला सगळे पाटीच म्हणायचे. त्यावर खेळाडूचं नाव, त्याचा भाव, आणि पुढे ज्याच्या हाती तो लागला त्या म्हाताऱ्याचं नाव. खेळाडू हरला की ओल्या फडक्यानं ती ओळ पुसायची. सगळ्यात आधी ज्याची ओळ पुसली जाईल त्याला लाकडी चमचा, शेवटपर्यंत राहील त्याला सगळे पौंड. मी सुरुवातीला आरडाओरडा केला की हा जुगार आहे, मेट्रनला सांगेन. मेट्रननं स्वतःच पहिला पौंड ठेवला. मग मी पण ठेवला, उगीच खोटं का सांगू?

सहाव्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि एक कागद पुढे केला. पाच नावं मी वाचली आणि थांबले. ती आमच्याकडे वारलेल्या माणसांची नावं होती. पुढे आणखी चार. प्रत्येक नावासमोर तारीख, आणि तारखेसमोर एका खेळाडूचं नाव.

"स्पर्धेच्या पंधरवड्यांत आपल्याकडे पाच वर्षांत नऊ जण गेले," ते म्हणाले. "नऊही जण त्याच दिवशी गेले, ज्या दिवशी त्यांचा खेळाडू हरला."

मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. वृद्धाश्रमात माणसं मरायचीच, नाहीतर काय शाळेत मरतील? खेळाडू तर रोज दहा-वीस हरतात. आणि हरणाऱ्यांचे बाकीचे पंचवीस-तीस म्हातारे रोज सकाळी माझ्याकडे जुलाबाचं औषध मागायला जिवंत हजर असतात, त्याचं काय?

ते तसं म्हणतच नव्हते. खेळाडू हरला की माणूस जातो, असं नाही. पण ज्याचा खेळाडू अजून स्पर्धेत आहे असा एकही माणूस आजवर गेलेला नाही. मधल्या रविवारी खेळ बंद असतो, त्या दिवशी एकही नाही. दिवसभर पाऊस पडून कोर्टांवर ताडपत्री राहिली, त्या दिवशी एकही नाही. त्यांनी कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरात आकडेमोड होती आणि शेवटी एक भाव. इतकी शून्यं होती की मी मोजली नाहीत.

"असा भाव मी जन्मात कधी लिहिला नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी त्यांना दोन शब्द सुनावून बाहेर आले आणि ऑफिसात जाऊन सरळ नोंदवही काढली. त्यांना खोटं पाडायचं, एवढाच हेतू. नऊच्या नऊ तारखा बरोबर होत्या. शिवाय मिसेस लेडबेटर. त्यांना आम्ही स्पर्धा सुरू असताना हॉस्पिटलात हलवलं होतं आणि त्या तिथे गेल्या, त्यामुळे पेनफोल्डना त्यांची तारीख ठाऊक नव्हती. मी ती तारीख पाहिली, मग कपाटातून त्या वर्षीचं जुनं वर्तमानपत्र शोधून काढलं. मिसेस लेडबेटरचा खेळाडू त्याच दुपारी पाच सेटमध्ये हरला होता. मी नोंदवही जागेवर ठेवली आणि हे त्यांना कधीच सांगितलं नाही.

पेनफोल्डना त्या वर्षी चिठ्ठ्या बंद करायच्या होत्या. पण त्याआधीच्याच हिवाळ्यात आमच्याकडे आयडा क्रॅबट्री राहायला आल्या होत्या.

आयडा एक्याऐंशी वर्षांच्या. साउथफील्ड्स स्टेशनच्या दारात त्यांनी एकतीस वर्षं तिकिटं तपासली होती. स्पर्धेला येणारी सगळी गर्दी त्याच दारातून बाहेर पडते. लग्न केलं नव्हतं. हृदय जरा कमजोर, जीभ अजिबात नाही. पहिल्याच दिवशी जेवताना पेनफोल्डनी भावांवर व्याख्यान सुरू केलं, तर ही बाई म्हणते, "मिस्टर पेनफोल्ड, तुमच्या भावांवर पैसे लावून रिकाम्या खिशानं परत जाणारी माणसं मी एकतीस वर्षं पाहिली आहेत. तुम्हाला मटार वाढू का?" आख्खं टेबल हसलं. पेनफोल्ड लाल झाले आणि त्यांनी मटार घेतले. एप्रिलपर्यंत दोघं एकाच सोफ्यावर बसायला लागली. जूनच्या सुरुवातीला ते मला म्हणाले की आम्ही लग्न करतोय. चौऱ्याऐंशीव्या वर्षी! मी म्हटलं, घाई कसली आहे?

नोंदणी कार्यालयात आधी सूचना द्यावी लागते आणि मग पूर्ण पंधरा दिवस थांबावं लागतं. त्यानंतरची मोकळी वेळ मिळाली ती स्पर्धेच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेदहाची. तारीख सांगताना पेनफोल्डचा चेहरा उतरला होता. लग्नाच्या आधी तिचा खेळाडू हरला तर, हे त्यांनी उच्चारलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनी जाहीर केलं की यंदा चिठ्ठ्या नाहीत. त्याबरोबर बंडच झालं, आणि बंडाच्या पुढे आयडा. ज्या पंधरवड्यात आख्खी टेकडी टेनिसशिवाय दुसरं बोलत नाही, त्या पंधरवड्यात नाव नसलेला माणूस म्हणजे लग्नघरात आमंत्रण नसलेला पाहुणा. आयडा म्हणाल्या, तू काढत नसशील तर भांडं मी फिरवते. खरं कारण त्यांना सांगायची पेनफोल्डची हिंमत झाली नाही. होणाऱ्या बायकोला कोण सांगणार?

तर रविवारी भांडं फिरलं. आयडाची पाळी आली तेव्हा पेनफोल्डनी भांडं स्वतः हातात धरलं, आणि मी शेजारी उभी असल्यामुळे पाहिलं: त्यांच्या अंगठ्याखाली एक घडी केलेली चिठ्ठी होती. त्यांनी ती अलगद तिच्या बोटांखाली सरकवली. चिठ्ठीत हाबरलांट निघाला. त्या वर्षीचा सगळ्यात भारी खेळाडू, ज्याच्यावर दोन पौंड लावले तर जिंकून एकच मिळेल. तो फायनलच्या रविवारपर्यंत हलणार नाही, यावर देशातल्या झाडून सगळ्या बुकींचं एकमत होतं. मोज्यात चिठ्ठ्या घालून पोलिसांना चुकवणाऱ्या माणसानं गिऱ्हाइकाला मात्र कधी फसवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यांना स्वतःला निघाला सालदीव्हार. उरुग्वेचा कुणी पोरगा, पात्रता फेरीतून वर आलेला. एकाला पाचशेचा भाव. पेनफोल्डनी तो पाटीवर लिहिला आणि अगदी समाधानानं चहा प्यायले.

सोमवारी सालदीव्हार जिंकला. समोरचा मोठा खेळाडू ओल्या गवतावर घसरला आणि पाय धरून बसला. मंगळवारी सकाळी रेडिओवर बातमी आली की हाबरलांटचं मनगट दुखावलंय, एकही बॉल न खेळता तो स्पर्धेतून बाहेर. मी पेनफोल्डच्या खोलीकडे धावत गेले. मला वाटलं, माणूस कोसळला असेल. तर ते शर्टाची बटणं लावत होते आणि हसत होते.

धंद्याचा नियम असा की पहिला बॉल पडायच्या आधी खेळाडूनं माघार घेतली तर पैज बाद. जिंकली नाही आणि हरलीही नाही. पैज लावलीच नव्हती असं धरायचं आणि पैसे परत. म्हणजे आयडा या भानगडीतून मोकळी! त्यांनी पाटीवरची ओळ पुसली, खिशातून एक पौंड काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

आयडांनी तो पौंड असा पाहिला की जणू कुणी त्यांच्या हातावर गोगलगाय ठेवलीय. एकतीस वर्षं मी त्या दारात उभी राहिले, त्या म्हणाल्या, आणि आता मी बिननावाची बसू? चहा घेतला नाही. दुपारचं जेवण घेतलं नाही. खोलीचं दार लावून बसल्या. कमजोर हृदयाची बाई उपाशी, आणि माझ्या हाताखालच्या दोन मुली त्या दिवशी रजेवर. तेवढ्यात पेनफोल्ड ऑफिसात आले. हात चोळत उभे राहिले. तिला नाव हवंच आहे, असं म्हणाले, आणि त्यांनाही आता वाटायला लागलं होतं की बिननावाचं राहण्यातही धोका असेल. ज्याचा खेळाडू शाबूत तो शाबूत, याला इतिहास होता. ज्याला खेळाडूच नाही त्याला इतिहास कुठला? त्याचा भाव कसा काढायचा?

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग तुमचा तो उरुग्वेवाला देऊन टाका तिला. एक चिठ्ठी ती काय, आणि त्यावर एवढा काथ्याकूट! बाई जेवेल तरी."

त्यांनी हात चोळायचं थांबवलं. "सिस्टर, तू काय सांगतेयस ते तुला कळतंय?"

"मला एवढं कळतंय की अर्ध्या तासात मला एकोणीस माणसांना गोळ्या द्यायच्यात."

ते गेले. संध्याकाळी पाटीवर सालदीव्हारपुढचं पेनफोल्ड हे नाव पुसलेलं होतं आणि तिथे क्रॅबट्री लिहिलं होतं. अक्षर मोत्यासारखंच. आयडा खाली येऊन मासा खात होत्या.

नंतरचे दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. सालदीव्हार जिंकतच गेला. भाव पाचशेवरून दीडशेवर आला, मग सहासष्टवर. म्हातारे-म्हाताऱ्या वेड्या झाल्या. आयडा त्याला "माझा पोरगा" म्हणायला लागल्या आणि वर्तमानपत्रातला त्याचा फोटो त्यांनी आरशाला लावला. पेनफोल्ड त्यांच्या शेजारी बसून हात हातात धरायचे. लोकांना ते प्रेम वाटायचं, आणि होतंच. पण मी नर्स आहे. त्यांचं बोट कुठे असायचं ते मला दिसायचं. ते नाडी मोजत असायचे.

शुक्रवारी मिस्टर ऑस्विन प्रॅटचा खेळाडू हरला आणि मिस्टर प्रॅट चारच्या चहाला खाली आले नाहीत. मी वर गेले तर ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते, मांडीवर शब्दकोडं. मी खाली आले तेव्हा पेनफोल्ड पाटीपाशी ओलं फडकं घेऊन उभे होते. मधल्या रविवारी मात्र त्यांनी मटणाचं जेवण ताट चाटूनपुसून खाल्लं आणि खुर्चीत संध्याकाळपर्यंत झोपले. त्या दिवशी मीही खिडकीतून खालच्या गप्प पडलेल्या कोर्टांकडे पाहिलं आणि बरं वाटलं. मी, जी कशावर विश्वास ठेवत नाही!

बुधवारी उपांत्यपूर्व सामना. सालदीव्हार पहिले दोन सेट हरला. तिसऱ्यात मागे पडला. पेनफोल्डचे ओठ पांढरे झाले होते. आणि पाऊस आला. धो धो. कोर्टावर ताडपत्री ओढणारी पोरं धावली, उरलेला खेळ उद्या बाराला असं जाहीर झालं. त्या वर्षी सेंटर कोर्टाचं जुनं छप्पर काढलेलं होतं, नवं सरकतं छप्पर अजून बसायचं होतं, त्यामुळे सगळीकडेच खेळ थांबला. पेनफोल्डनी डोळे मिटले. ते देवाचं नाव घेणारे नव्हते, पण त्या क्षणी काहीतरी पुटपुटले.

गुरुवारी ऊन पडलं. साडेदहाला लग्न लागलं. साक्षीदार मी आणि मेट्रन. आयडांनी निळी टोपी घातली होती आणि सही करताना रजिस्ट्रारला म्हणाल्या की हे पेन चांगलं आहे, मी ठेवून घेऊ का? पेनफोल्ड रडले. मी पण रडले, आणि मग स्वतःवरच चिडले की माझ्या रुमालाला कप्प्यातल्या औषधांचा वास येत होता. गाडीत ते माझ्या कानात म्हणाले, "झालं. पोचलो आम्ही." मला वाटतं, त्यांच्या मनानं आकडा ठरवून टाकला होता की लग्नापर्यंत जगली म्हणजे जिंकलो.

परत आलो तर दिवाणखान्यात केक मांडलेला, स्ट्रॉबेरी, क्रीम, सगळं. खिडक्या उघड्या. खालून कोर्टांवरचा गलका स्पष्ट ऐकू येत होता. त्याच आठवड्यात आमच्या टीव्हीला नवा डिजिटल डबा बसवला होता आणि त्याचं चित्र थोडं मागे असायचं. टाळ्या आधी खिडकीतून यायच्या, आणि मग चारेक सेकंदांनी पडद्यावर बॉल पडायचा. म्हाताऱ्यांना त्याची भारी गंमत वाटत होती. मला नाही वाटली. मी खिडक्या लावायला उठले तर आयडा म्हणाल्या, "राहू दे गं, माझ्या पोराच्या टाळ्या मला खऱ्या ऐकायच्यात."

सालदीव्हारनं तिसरा सेट घेतला. मला वाटलं, जिंकतो की काय हा! आयडांनी केकचा दुसरा तुकडा घेतला. चौथा सेट बरोबरीत गेला, मग पोरगा थकला. एक गेम गेला. मग पुढचा, शेवटचा गेम. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, मॅच पॉइंट. आयडांनी पेनफोल्डच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी त्यांच्या मागे उभी होते, हातात रिकामी बशी.

पडद्यावर समोरचा खेळाडू सर्व्हिस करायला अजून रेषेपाशी बॉल आपटत होता. खिडकीतून गर्जना आली. लांबलचक, संपेना.

आयडांच्या हातातला काटा गालिच्यावर पडला. आवाजही झाला नाही.

मी बशी टाकून पुढे झाले, मानेवर बोटं ठेवली. काही नव्हतं. तोंडावर अजून क्रीम होतं. पेनफोल्डचं बोट त्यांच्या मनगटावर होतं, ते हललं नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. तिथे खेळाडूनं बॉल वर फेकला.

"बघ," ते कुजबुजले. "सिस्टर, बघ. बॉल हवेत आहे. अजून तो हरलेला नाही."

मग बॉल खाली आला, इकडून तिकडे तीनदा गेला आणि सालदीव्हारच्या रॅकेटवरून जाळीत. टीव्हीतून तीच गर्जना पुन्हा झाली. बाकीच्यांना अजून काही कळलं नव्हतं. कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"तू पाहिलंस ना?" पेनफोल्डनी माझी बाही धरली. म्हाताऱ्या माणसाच्या हातात इतका जोर मी कधी पाहिला नव्हता. "तिचा खेळाडू खेळत होता. ती आधी गेली. म्हणजे नियम खोटा ठरला. म्हणजे माझ्या चिठ्ठीनं नाही. सांग मला, पाहिलंस ना?"

खिडकीतली गर्जना त्यांनी ऐकली होती. ऐकली नसती तर बाही धरली नसती. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो, पाहिलं मी. ती आधीच गेली."

डॉक्टर येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. दर दहा मिनिटांनी ते मला तेच विचारायचे आणि मी तेच उत्तर द्यायचे. नंतर ऑफिसात बसून मी नोंदवहीत मृत्यूची वेळ लिहिली. खरी वेळ माझ्या घड्याळात मी पाहिली होती, एक वाजून बावन्न मिनिटं, सामना संपला तेच मिनिट. मी एक एक्कावन्न लिहिली. चौतीस वर्षांच्या नोकरीत नोंदवहीत मी लिहिलेलं ते एकमेव खोटं. त्या म्हाताऱ्यासाठी लिहिलं, असं मी मेट्रनला सांगितलं आणि तिनं मान डोलावली. पण ती चिठ्ठी आयडाला द्या, असं मी म्हटलं होतं. ते एक मिनिट मी माझ्यासाठीही चोरलं.